लपवण्यासारखं काही

“आता वाचा,” चष्मेवाले म्हणाले आणि वकीलबाईंच्या नाकावरच्या जड चौकटीत त्यांनी आणखी एक भिंग सरकवलं.

वकीलबाईंनी भिंतीवरच्या तक्त्यातली शेवटची ओळसुद्धा घडाघडा वाचून दाखवली. मग चौकट तशीच नाकावर ठेवून त्या म्हणाल्या, “काका, मी दोन कामं घेऊन आलेय. डोळ्यांचं झालं. दुसरं ऐकून घ्या आणि मगच नाही म्हणा.”

“ती चौकट तरी काढू द्या. असल्या अवतारात कोणी गंभीर बोलायला लागलं की मला हसू फुटतं.”

वकीलबाई वयाने तरुण, जिभेने फटकळ, आणि चष्मा नेहमी इथूनच करून घ्यायच्या. त्यांनी चौकट काढून काउंटरवर ठेवली.

“सरकार सगळ्यांच्या फोनच्या नोंदी साठवतंय, हे पेपरात वाचलंत ना?”

“वाचलं. पण म्हटलं, आपल्याला काय त्याचं? आपण कोण लागून गेलो?”

“तेच तर! तुम्ही कोणी लागून गेला नाहीत, तरी तुमच्या नोंदी त्यांच्याकडे आहेत. कोणी फोन केला, कुणाला केला, किती वेळ चालला. बोलणं ऐकत नाही म्हणतात, पण बाकी सगळं. कायदा काय सांगतो? एखाद्यावर संशय असेल तर कोर्टाची परवानगी काढा आणि त्याच्यापुरतं मागवा. यांनी कुणाला न विचारता अख्ख्या देशाचं मागवलं. आम्ही कोर्टात गेलो, तर सरकारी वकील म्हणतो, यात कुणाचं काय बिघडलं? न्यायाधीश म्हणाले, असं करा, ज्याच्यावर कसलाच संशय नाही असा एक साधा माणूस आणा. त्याची काय माहिती ठेवलीय ती बघू.”

“आणि तो साधा माणूस मी?”

“तुमच्याइतका धुतल्या तांदळासारखा माणूस मला दुसरा कुठे मिळणार? तुमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही ना?”

चष्मेवाल्यांनी हातातलं भिंग फडक्याने पुसलं. ते आधीच स्वच्छ होतं.

“माझ्याकडे काय लपवायचंय!” ते म्हणाले. जरा जास्तच मोठ्यांदा म्हणाले. आणि एकदा असं म्हटल्यावर वकीलबाईंनी पुढे केलेल्या संमतीच्या कागदावर सही करण्यावाचून दुसरं काय उरतं?

खरं तर लपवण्यासारखं एक होतं. चष्मेवाल्यांचा मुलगा लांबच्या शहरात नोकरीला होता आणि आई गेल्यापासून त्याने बापाला एकदाही फोन केला नव्हता. आईचं दुखणं बळावत होतं, तेव्हा तो फोनवर विचारायचा, आई कशी आहे? आणि चष्मेवाले सांगायचे, बरी आहे, तू तुझं काम बघ. पोराच्या जिवाला घोर नको, एवढाच हेतू. पोरगा येऊन पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. ‘तुम्ही मला खोटं सांगितलंत,’ एवढंच बोलून तो गेला, तो गेलाच. सुरुवातीला चष्मेवाल्यांनी दोनचारदा फोन लावून पाहिला. त्याने उचलला नाही. मग यांनीही लावणं सोडलं. हट्टाच्या बाबतीत बापलेक एकाच मुशीतले.

पण लोकांना हे सांगायचं कोणत्या तोंडाने? शेजारी विचारायचे, गिऱ्हाइकं विचारायची. पोराला कोणी नावं ठेवलेली त्यांना खपली नसती. म्हणून त्यांनी एकदा सांगून टाकलं की पोरगा रोज रात्री फोन करतो. खोटं एकदा बोलता येतं, पुढे ते पोसावं लागतं. चष्मेवाल्यांनी हौसेने पोसलं. पोराला त्यांनी गॅलरीचं घर घेऊन दिलं, सर्दी झाली तेव्हा आल्याचा चहा घ्यायला लावला, साहेबांची मर्जी मिळवून दिली. वरच्या मजल्यावर, दुकानाच्या डोक्यावरच, त्यांचं घर होतं. तिथे शेजारच्या खोलीत ते रेडिओ लावून ठेवायचे, कोणीतरी आत आहे असं वाटावं म्हणून. जेवण ओट्याशी उभ्याउभ्या. कधी दुकानातल्या फोनवरून स्वतःच्या मोबाईलचा नंबर फिरवून बघायचे, वाजतो का. वाजायचा. फोनचा काही दोष नव्हता.

त्यांना नेमाने फोन यायचा तो फक्त अक्काचा. अक्का म्हणजे थोरली बहीण. तीही तिच्या गावी एकटीच राहायची आणि अजून भिंतीशी वायरने बांधलेला जुना फोन वापरायची. खिशातला फोन हरवतो, हा कुठे जात नाही, असं तिचं म्हणणं. दर रविवारी दुपारी ती फोन करायची. सही केल्यानंतरच्या रविवारीही तिने केला.

“कसा आहेस रे? पोराचा फोन येतो ना?”

“येतो म्हणजे काय, रोज! कालच म्हणत होता, बढती झाली.”

“बढती?” अक्का जरा घुटमळली. “अजून नसेल रे झाली. होईल.”

“नसेल कशी? त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं मला!”

“बरं बाबा, झाली असेल. जेवलास का?”

चष्मेवाले दिवसभर धुसफुसत राहिले. सख्ख्या भाच्याची बढती हिला बघवत नाही म्हणजे कमाल झाली.

कोर्टाने दट्ट्या लावल्यावर नोंदी साठवणाऱ्या सरकारी खात्याने आढेवेढे घेत नोंदी पाठवल्या, तेव्हा वकीलबाईंनी त्यांना ऑफिसात बोलावून घेतलं. ऑफिस कसलं, जिन्याखालची खोली. टेबलावर कागदांचे गठ्ठे, एक चहाचा थर्मास आणि एक कॉम्प्युटर. पडद्यावर ठिपके होते आणि ठिपक्यांना जोडणाऱ्या रेघा.

“हा मधला ठिपका तुम्ही,” वकीलबाई म्हणाल्या. “यांनी फक्त तुमच्या नोंदी ठेवलेल्या नाहीत. तुम्हाला फोन करणाऱ्यांच्या ठेवल्यात, आणि त्यांना फोन करणाऱ्यांच्याही. एकाला धरायचं तर सगळं गोत धरतात.”

चष्मेवाले ठिपक्याकडे बघत राहिले. त्याच्याभोवती फारशा रेघा नव्हत्या.

“हा तुमच्या दुकानातला नंबर ना? इथून तुमच्याच मोबाईलवर सारखे फोन गेलेत. उचललेले नाहीत.”

“रेंज बघत होतो.”

“आणि रात्रीचे...” वकीलबाई बोलता बोलता थांबल्या. रात्रीच्या फोनच्या गोष्टी दुकानात बसून त्यांनीही ऐकल्या होत्या. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि ओढणीच्या टोकाने पुसायला लागल्या. नवाकोरा चष्मा, त्यावर धुळीचा कण नव्हता. चष्मेवाल्यांना धरणीने पोटात घ्यावं असं झालं. उठून जावं, सही मागे घ्यावी, काहीतरी निमित्त सांगावं. 

“ते जाऊ दे,” वकीलबाई म्हणाल्या. “मला दुसरंच विचारायचंय. हा तिसरा नंबर बघा. नोंदी सुरू झाल्यापासून याचा तुम्हाला एकही फोन नाही, तुमचा याला नाही. पण हा दर रविवारी तुमच्या बहिणीला फोन करतो. तो ठेवला की लगेच बहीण तुम्हाला करते. तुमचा ठेवला की लगेच पुन्हा याला. आणि तेच बोलणं सगळ्यात लांब चालतं. एक रविवार चुकलेला नाही. कोण आहे हा, ज्याला दर आठवड्याला तुमची खबर लागते? खात्यातल्या माणसानेसुद्धा इथे प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय.”

चष्मेवाल्यांनी नंबर वाचला. वाचायची गरज नव्हती, तो त्यांना पाठ होता.

पहिल्यांदा त्यांचे कान तापले. म्हणजे गॅलरीचं घर त्याच्यापर्यंत पोचलं होतं. आल्याचा चहा पोचला होता. बढतीही पोचली होती, आणि ती झालेली नाही हे अक्काला ठाऊक होतं. इतके दिवस ती बिचारी ऐकून घेत होती आणि यांनी मनातल्या मनात तिच्यावर दात ओठ खाल्ले होते. मग हळूहळू दुसरंच काहीतरी लक्षात आलं. पोरगा विचारत होता. एक रविवार न चुकता विचारत होता. एवढा आनंद त्यांना कित्येक दिवसांत झाला नव्हता आणि तो परक्या ऑफिसात, परक्या बाईसमोर झाला म्हणून त्यांना लाजही वाटली.

“काका? कोण आहे हा?”

“माझा मुलगा.”

वकीलबाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग त्यांच्यातली वकील जागी झाली.

“काका, हेच तर हवं होतं आम्हाला! एक शब्द न ऐकता त्यांना तुमच्या घरातलं कळलं. तुम्हाला स्वतःला माहीत नव्हतं ते कळलं. सोमवारी मी हे न्यायाधीशांसमोर ठेवलं, तर काय बिघडलं असं विचारायची कुणाची छाती होणार नाही.”

“आमच्या घरातली गोष्ट त्या प्रश्नचिन्हवाल्याने माझ्याआधी वाचली,” चष्मेवाले हळूच म्हणाले. “कोण असेल तो? बसून बघत असेल, रविवार आला की.” आणि मग एकदम, “हे कोर्टात मोठ्याने वाचणार?”

“हो. पेपरातही येईल.”

“मग पोराला कळेल, मला कळलं ते. तो फार मानी आहे हो. उद्या अक्कालाही फोन करायचा बंद झाला, तर माझ्याकडे काय राहिलं?”

वकीलबाईंनी कॉम्प्युटर बंद केला.

“याच्याशिवाय केस लंगडी पडेल, काका. खोटं कशाला सांगू? पण तुम्ही नको म्हणालात तर नाही लावणार. न विचारता घेतलं म्हणून तर त्यांच्याशी भांडतोय आपण.”

“सोमवारी सकाळी सांगतो,” चष्मेवाले म्हणाले.

रविवारी दुपारी ते मोबाईल पुढ्यात ठेवून बसले. रेडिओ लावला नव्हता. या घटकेला पोरगा अक्काशी बोलत असेल, असा हिशेब त्यांच्या मनात चालला होता. काय म्हणत असेल? बाबा कसे आहेत म्हणत असेल, की नुसतंच ‘ते’ कसे आहेत?

फोन वाजला.

“कसा आहेस रे?” अक्का म्हणाली.

“बरा आहे.”

“गुडघा?”

“आहे आपला.”

“आणि जिन्यातला दिवा बदललास का? अंधारात उतरू नकोस, शेवटची पायरी तुटलेली आहे.”

अक्का या घरी येऊन गेली त्याला किती वर्षं झाली. तेव्हा पायरी धड होती; तुटलेली पाहिली होती ती पोराने, आई गेली तेव्हा आला त्या वेळी.  कुठले प्रश्न बहिणीचे आणि कुठले त्याचे, हे आजवर आपण कधी निवडून पाहिलं नाही, असं चष्मेवाल्यांच्या मनात आलं.

“बदलतो आज.”

“आणि पोराचा फोन येतो ना?”

एरवी या प्रश्नाला त्यांचं उत्तर तोंडात तयार असायचं.

“नाही गं अक्का,” ते म्हणाले. “येत नाही. त्याची आई गेल्यापासून एकदाही आलेला नाही. घर, बढती, ते सगळं मी रचलेलं. मला वाटतं, आपण खोटं बोललो की समोरच्याला त्रास होत नाही. ती आजारी होती तेव्हाही मला असंच वाटलं. चुकलं माझं. फार चुकलं.”

 पलीकडे अक्काने नाक ओढलं.

“हे मला कशाला सांगतोस आता?”

“तुला नाही तर कुणाला सांगू?”

 चष्मेवाल्यांनी फोन या कानाचा त्या कानाला घेतला.

“आणि ऐक. उद्या कोर्टात माझ्या फोनच्या नोंदी वाचायच्या म्हणतायत. त्यात तुझा नंबर आहे. आणखी एक नंबर आहे. सरकारने कुणाला विचारलं नाही, पण मी विचारणार. ज्याचा नंबर तो हो म्हणाला तरच वाचू देईन, नाही म्हणाला तर केस गेली खड्ड्यात. तुझं काय म्हणणं?”

“अगबाई,” अक्का म्हणाली. एवढंच म्हणाली. मग तिचा आवाज अगदी लहान झाला. “थांब हं. मी... मी विचारून सांगते.”

कुणाला विचारून, ते ती बोलली नाही. त्यांनीही विचारलं नाही. तिने फोन ठेवला.

चष्मेवाले खुर्चीत तसेच बसून राहिले. मग न राहवून त्यांनी अक्काचा नंबर लावला. एंगेज होता. थोडं थांबून पुन्हा लावला. एंगेज. खाली रस्त्यावर कोणीतरी बंद दुकानाचं शटर वाजवून पाहत होतं, पण ते उठले नाहीत. त्यांनी पुन्हा एकदा नंबर लावला आणि फोन कानाला तसाच धरून ठेवला.