उत्तरेचं वारं

मखमलाबादच्या मळ्यात तेव्हा नुकताच फोन आला होता. आता पोरंसोरं खिशात फोन घालून फिरतात, पण अठ्ठ्याण्णव सालच्या त्या फाल्गुनात तो ओटीवरच्या फळीवर, भरतकामाचं फडकं पांघरून बसलेला असे, आणि छायाबाई कामाच्या रगाड्यातून दहादा उठून त्याच्यापाशी येत.

त्यांचा ललित अंटार्क्टिकाला गेला होता. हवामान खात्यातला माणूस तो. मोहिमेच्या जहाजावर बसून उपग्रहाची चित्रं पाहायची, बर्फ कुठे सरकेल, वारा कधी फिरेल ते कप्तानाला सांगायचं, हे त्याचं काम. सामान उतरवून, तळावरची माणसं घेऊन जहाजानं वेळेत बाहेर पडायला हवं. नाहीतर समुद्र गोठतो आणि जहाज तिथंच अडकतं. एवढं छायाबाईंना समजलं होतं, आणि ते समजल्यापासून त्यांना घास गोड लागत नव्हता.

"कप्तान ऐकत असंल का हो त्याचं?" त्या नवऱ्याला विचारत.

"मला काय ठावं," खंडेराव म्हणत.

"तुमी कधी ऐकलं? त्यानं पाऊस सांगितला, की तुमी मुद्दाम कांदा उघड्यावर टाकायचे."

"आन पाऊस येत बी नव्हता!"

"एकदा आला व्हता."

"एकदा आला, तर किती वर्सं काढशील?"

जहाजावरून पहिला फोन आला तेव्हा लेकाचा आवाज लांबून, खरखरत आला. बोललेलं आभाळात जाऊन खाली यायचं, म्हणून दर वाक्यानंतर खोल विहिरीत दगड टाकल्यासारखी शांतता. "इथं ढगाळ आहे आई," ललित म्हणाला. "बर्फ दाटलाय. वाऱ्याची वाट बघतोय."

ढगाळ! कांदा पिकवणाऱ्या बाईला याहून वाईट शब्द नाही. ढग आले की पातीवर करपा पडतो, मावा येतो, आणि त्यावर उतारा एकच: उत्तरेचं वारं. ते सुटलं की आभाळ धुतल्यासारखं होतं, हवा कोरडी पडते, पीक उभं राहतं. छायाबाईंनी त्या सांजेला दिवा लावला आणि सप्तशृंगीच्या गडाकडे तोंड करून पदर पसरला. "आई, माझ्या लेकाला उत्तरेचं वारं दे. खणानारळानं ओटी भरीन."

दुसरा फोन भर दुपारी आला.

"आई, उद्यापासून उत्तरेचा वारा सुटेल असं दिसतंय. जोराचा."

"बरं झालं बाई! मीच मागितलं व्हतं देवीकडं."

या वेळची शांतता नेहमीपेक्षा जरा लांबली. मग ललित म्हणाला, "हो आई. बरं झालं." आणि फोन तुटला.

छायाबाईंनी शेजारच्या भागीबाईच्या हातावर साखर ठेवली.

"लेक सातासमुद्रापार, आन साखरंवरच भागवती व्हय गं?" भागीबाई म्हणाली. "पेढं तरी आण."

"तो घरी आल्यावर पेढं."

संध्याकाळी सून शाळेतून आली. मनीषा मास्तरीण होती. सासूनं साखर पुढं केली, वाऱ्याचं सांगितलं, आणि मनीषाचा पुढं केलेला हात तसाच खाली गेला.

"आत्याबाई, उत्तरेचा वारा तिथं चांगला नसतो."

"वारं ते वारं. कुठं बी कोरडंच."

मनीषानं त्यांना हौदापाशी नेलं. सकाळी मेथीच्या जुड्या धुतल्या होत्या, पानं अजून पाण्यावर तरंगत होती. तिनं एक करवंटी पलीकडच्या भिंतीला लागून पाण्यात सोडली. "ही भिंत म्हणजे तिथली जमीन. ती दक्षिणेला. समुद्र सगळा उत्तरेला. करवंटी म्हणजे जहाज, आणि पानं म्हणजे बर्फ." मग अलीकडून सुपानं वारा घातला. पानं हळूहळू सरकली, भिंतीशी गोळा झाली, आणि करवंटीभोवती हिरवा गच्च थर बसला.

छायाबाई बघत राहिल्या.

"मग त्यो बरं झालं का म्हणला?"

मनीषा करवंटीभोवतीची पानं बोटानं बाजूला सारत राहिली.

नवस बोलला जातो, फेडला जातो. पण मागितलेलं परत कसं द्यायचं, हे छायाबाईंना कुणी शिकवलं नव्हतं. "वारा काय तुमच्यामुळं सुटत नाही," मनीषा म्हणाली. "ते तुझ्या शाळंत," त्या म्हणाल्या.

आणि नेमकी मळ्यातही तीच हवा सुटली. कांद्याची काढणी चालू होती. पातीखाली झाकलेला कांदा झकास सुकत होता. "काय सोन्यासारखं वारं सुटलंय!" काढणीच्या बाया म्हणाल्या, आणि छायाबाई त्यांच्यावर खेकसल्या, "तोंडं बंद करा आन हात चालवा!" बायांना कळेना, मालकिणीला झालं काय. इथलं वारं वेगळं, तिथलं वेगळं, हे छायाबाईंना ठाऊक होतं. तरी पदर फडफडला की त्या तो कमरेला घट्ट खोचत. मनीषानं मोहिमेच्या गोव्यातल्या कार्यालयाला फोन लावला. "जहाज सुखरूप आहे," एवढंच तिकडून सांगितलं. कुठं आहे, ते नाही.

तिसरा फोन आला तेव्हा छायाबाईंनी जेवलास का म्हणून विचारलं नाही.

"ललित, मनीषानं मला समदं हौदात दाखवलंय. आता खरं सांग. वारं कुठलं?"

"उत्तरेचंच, आई. अडकलोय."

"कप्तानानं ऐकलं न्हाई?"

"ऐकलं. पण तळावरची चार माणसं आणायची राहिली होती, हेलिकॉप्टरची एक फेरी. मीच म्हणालो, तेवढा वेळ आहे. नव्हता. वारा आधीच आला."

"माणसं आली का?"

"आली."

"मग त्यांना मागं टाकून आला असतास, तर मला तोंड दाखवलं असतंस का?"

पलीकडे काही तरी झालं. खरखर होती की लेकाचा हुंदका, ते कळलं नाही.

"दक्षिणेचं वारं कधी?"

"चार-पाच दिवसांत, असं दिसतंय."

"दिसतंय, का मला बरं वाटावं म्हणून?"

"दिसतंय, आई. पण मागचंही दिसलंच होतं."

"भ्या वाटतंय का रं?"

"हो," ललित म्हणाला.

फोन ठेवला तर खंडेराव दारात उभे. "सुटलं ना जहाज?"

"अडकलंय," छायाबाई म्हणाल्या. "बसा खाली, सांगते." आणि एक शब्द न गाळता सगळं सांगितलं, त्याच्या भीतीसकट.

दक्षिणेचा वारा त्यानं सांगितल्याहून उशिरा सुटला. त्या दिवसांत म्हातारा-म्हातारीनं एकमेकांना एकदाही धीर दिला नाही. नुसते जवळजवळ बसून राहिले. जहाज बाहेर पडलं, ललित वाळून-काळवंडून घरी आला, भागीबाईला पेढे मिळाले.

नंतरही तो दोनदा बर्फात गेला. तिथून फोन करी तेव्हा वाईट ते वाईटच सांगे. मोहीम चालू असली की छायाबाईंना झोप लागत नसे. पण खोटं सांगून झोपव, असं त्या त्याला कधी म्हणाल्या नाहीत.