हारीतला मोठा रुपया

मी रुपया नाही! हे आधी सांगून टाकतो, कारण आजवर सगळ्यांनी मला रुपयाच म्हटलंय. मी पहिल्या महायुद्धाचं पदक बोलतोय. अस्सल चांदीचं! आणि माझ्या काठावर एका माणसाचं नाव ठोकलेलं आहे. साठ-बासष्ट वर्षं मी मनातल्या मनात ओरडत होतो, "अरे, काठ बघा, काठ!" पण पदकाला तोंड कुठे असतं? आज मात्र मला राहवत नाही.

माझा जन्म कलकत्त्याच्या टांकसाळीतला. एका बाजूला राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला एक उघडानागडा वीर. मग एका कारागिराने माझ्या काठावर अक्षरं ठोकली. नंबर, नाव, पलटण. ज्याचं नाव, तो मला कधी भेटलाच नाही. मी घडण्याआधीच बिचारा गेला होता.

खोटांगच्या डोंगरात त्याच्या घरी मी पोचलो, तेव्हा त्याची बायको अंगणात मका सोलत होती. पलटणीच्या माणसाने मला पिशवीतून काढलं, "सरकारने पाठवलंय" एवढंच म्हणाला आणि पुढच्या गावाला चालता झाला. वाचता तिलाही येत नव्हतं आणि गावालाही. पण तर्क लढवायला अक्षरओळख लागते थोडीच!

"साइँला मेला असता तर मेल्याची खबर आली असती," एक जाऊ म्हणाली. तो घरातला तिसरा मुलगा, म्हणून सगळे त्याला साइँलाच म्हणत. "हा तर रुपया आलाय, आणि केवढा मोठा! म्हणजे पलटणीतून पळालाय मेला. तिकडेच दुसरी केली आणि हिच्या तोंडावर एक रुपया फेकला!"

झालं! वणवा पेटायला एवढी काडी पुरे होती. माझ्यावरच्या नागड्या घोडेस्वारावरून बायका फिदीफिदी हसल्या ते वेगळंच.

बाई मानी होती. तिने सोनाराकडून माझ्या डोक्यावरची दांडी कापून घेतली, कडी लावली आणि आपल्या हारीत, म्हणजे चांदीच्या नाण्यांच्या माळेत, मला मधोमध ओवलं. घोडेस्वार आतल्या बाजूला. पुढे ती हारी तिने लेकीच्या गळ्यात घातली.

ही लेक धनकेसरी. बाप लढाईवर गेला तेव्हा आईच्या पोटात होती. "पळपुट्याची पोर" हे तिने पाण्याबरोबर प्यायलं म्हणा ना. वर्षाला चुलीच्या तीन दगडांशी पितरांना नाव घेऊन बोलावतात. सगळ्यांचे बाप यायचे, हिचा नाही. गावचा बिजुवा, म्हणजे पितरांना हाक घालणारा पुजारी, दरवेळी तेच दोन प्रश्न विचारायचा.

"नाव काय? आणि मेला की पळाला? जिवंत माणसाला पितरांत बोलावलं तर घरावर कोप होईल, बाई!"

धनकेसरीकडे दोन्हीचं उत्तर नव्हतं. नवऱ्याचं नाव आईने जन्मात उच्चारलं नाही, ते तिच्याबरोबरच गेलं. आणि नाव होतं कुठे? हिच्याच छातीवर! जीव नुसता तळमळायचा माझा.

सत्तरी आली तशी ती चुलीपाशी बसून स्वतःशीच बोलायला लागली. "आता मीही जाणार. तिकडे बापाला ओळखू कशी? काय म्हणून हाक मारू?" ते ऐकून माझी चांदी काळी पडायची.

आणि मग ही यंदाची उभौली, म्हणजे पेरणीआधीचा नाचाचा सण, आली! ढोल आणि झांजा घुमत होत्या, सगळं गाव रिंगण धरून नाचत होतं. आमची म्हातारीही नाचत होती, गुडघ्यांना शिव्या देत. शेजारी होता जसमान, नुकताच पलटणीतून पेन्शनवर आलेला, छातीवर आपली पदकं मिरवत. एका गिरकीत त्याची पदकं माझ्यावर खणकन आपटली. जातभाई भेटले हो!

"दिदी, हा कुठला गं रुपया? एवढा जाड?"

"बापाने तोंडावर फेकलेला," म्हातारी फणकारली. "नाच मुकाट्याने!"

पण त्याने मला चिमटीत धरलं होतं. त्याचा अंगठा माझ्या काठावरून सरकला आणि थांबला.

"ढोल थांबवा!" जसमान ओरडला. "अरे थांबवा म्हणतो ना! पबित्रा, इकडे ये!"

पबित्रा म्हणजे म्हातारीची नात, शाळेत शिकवते. जसमानने लोणी आणि काजळी कालवून माझ्या काठाला फासली आणि पुसून काढली. झिजलेल्या अक्षरांत काळं तेवढं राहिलं. पबित्राने मला उन्हात धरून फिरवलं. शिपायाचा नंबर गेला होता, पण नाव आणि पलटण शाबूत होती!

"हर्क... धोज. हर्कधोज राई. सात नंबर, दुसरी पलटण."

"कोण हा हर्कधोज?" म्हातारीने विचारलं.

"बोजू," पबित्रा आजीला म्हणाली, "तुझा बाप."

जसमान आता थांबतोय होय! "दिदी, पळपुट्याला सरकार पदक देत नाही. उलट असलेलं काढून घेतं! आणि पळायला रस्ता होता कुठे? वाळवंटातल्या कूत शहराच्या वेढ्यात उपाशी राहून ही पलटण सगळीच्या सगळी तुर्कांच्या कैदेत गेली. आम्हाला भरतीच्या वर्षीच शिकवलंय."

बिजुवा मात्र डोकं खाजवत राहिला. "पळाला नाही, कबूल. पण मेला कशावरून? सुटून तिकडेच राहिला असेल तर?"

जसमानला आठवलं, दिक्तेलकडे बुद्धिबल नावाचा म्हातारा आहे, त्याच कैदेतून परतलेला. दुसऱ्याच दिवशी निघाले! जसमानने म्हातारीला डोकोत, म्हणजे आपल्या पाठीवरच्या बांबूच्या टोपलीत, बसवलं.

"घोडा बरा मिळालाय," ती आतून म्हणाली, "फक्त धापा फार टाकतो."

बुद्धिबल नव्वदीचा, डोळे गेलेले. नाव ऐकताच त्याचं बोळकं पसरलं.

"हर्के? आमचा ढोलवाला हर्के! वाळवंटात रेल्वेचे रूळ वाहायला लावायचे आम्हाला. सगळे मेल्यासारखे पडायचे, हा रिकामा डबा बडवत बसायचा. तापाने गेला गं. ह्या हातांनी माती दिली मी त्याला."

"मग सांगितलं का नाहीस आजवर?" म्हातारी कडाडली.

"पाय तिकडेच अधू झाले माझे. वाटलं, सरकारने कळवलं असेल." त्याने आवाजाकडे तोंड वळवलं. "तू कोण त्याची?"

"लेक."

"म्हणजे झालीस तू!" आंधळे डोळे भरून आले. "बायको पोटुशी आहे, मुलगीच होणार, रोज तेच. पगार सुटला की लेकीला हारी करणार म्हणायचा, आणि मधोमध गावात कुणाकडे नाही एवढं मोठं नाणं घालणार."

धनकेसरीचा हात माझ्यावर आला. इतक्या वर्षांत तिने मला असं कधी धरलं नव्हतं.

"घातलंय," ती म्हणाली. "घातलंय त्याने."

घरी आल्यावर चुलीच्या तीन दगडांशी कोदोची जांड, म्हणजे नाचणीची घरगुती दारू, मांडली. बिजुवा नाव घेणार, तोच म्हातारीने त्याला हाताने थांबवलं. "बाप माझा आहे," म्हणाली. आधी पुटपुटली, मग सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी हाक मारली. "हर्कधोज बाबा! या, घरी या!" सत्तर वर्षांची पोर ढसाढसा रडत होती, आणि हसतही होती.

जसमान म्हणतो, मला काचेच्या पेटीत ठेवा. ती म्हणते, बापाला कोणी पेटीत ठेवतं का? मी गळ्यातच आहे. घोडेस्वार आता बाहेरच्या बाजूला असतो, कोण हसतंय बघूच!

तुमच्याही घरी माझा एखादा भाऊबंद पडला असेल, लेकरांच्या खेळात किंवा फडताळात. त्याचा काठ एकदा उन्हात धरून बघा, एवढंच मागणं आहे. माझं म्हणाल तर आता मला कोणी रुपया म्हटलं तरी चालेल. बापाने लेकीला कबूल केलेला तो मोठा रुपया मीच तर आहे!