सोनेरी पट्टीतला चेक

"हा फ्रेम करायचाय," असं म्हणत टाइल्सवाल्यांनी बाबांच्या टेबलावर एक चेक ठेवला. "सोनेरी पट्टी लावा. रुंद बघून."

बाबांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. तीस वर्षांत त्यांनी प्रमाणपत्रं, पदकं, लग्नातले फोटो, गेलेल्यांचे फोटो आणि एकदा एका गृहस्थांचा मूतखडा फ्रेम केला होता. चेक पहिल्यांदाच आला होता.

"साहेब, हा आधी बँकेत टाका. आपण झेरॉक्स लावू. काचेआड काही कळत नाही."

"बँकेत टाकायला आमच्याकडे दुसरे आहेत," टाइल्सवाले म्हणाले. "हा शोरूममध्ये लावायचा. मुलीला कॉलेजची क्रीडा शिष्यवृत्ती मिळाली. पहिली आली पहिली!"

दुसरी कोण आली ते त्यांना माहीत नव्हतं. दुसरी त्यांच्यापासून चार फुटांवर, काचांना टेकून उभी होती आणि तिच्या केसांतून अजून पाणी गळत होतं.

दोनशे मीटर, पाठीवर. फरक पाव सेकंदाचा. तेव्हापासून आमच्या घरात टाइल्सवाल्यांच्या मुलीचं नाव 'पाव सेकंद' पडलं होतं. तिच्या घरी स्वतःचा तलाव आहे. मी सार्वजनिक तलावात सराव करते. तिथे तिसऱ्या पट्ट्यात एक काका माझ्या जन्माच्या आधीपासून तरंगतायत. ते जागे आहेत की नाही हे विचारायचं धाडस अजून कुणाला झालेलं नाही.

चेकवर माझी पुढच्या वर्षीची अख्खी फी होती. म्हणजे लिहिलं तसं नव्हतं, नाव तिचं होतं. पण आकडा तोच. ती फी भरता आली नाही तर मला कॉलेज सोडून घरून परीक्षा द्यावी लागणार होती. कॉलेज सुटलं की संघ सुटला आणि संघ सुटला की मी म्हणजे निव्वळ ओल्या केसांची मुलगी.

बाबांनी मापपट्टी काढली, चेकची लांबी-रुंदी घेतली आणि म्हणाले, "पुढच्या सोमवारी या."

घरी गेल्या गेल्या मी शिष्यवृत्तीचा नियम वाचून दाखवला. तीन महिन्यांत रक्कम उचलली नाही, तर ती दुसऱ्या क्रमांकाला.

आईने हातातली पोळी तव्यावर तशीच ठेवली. "म्हणजे तो चेक तीन महिने भिंतीवर लटकला, की पैसे आपले?"

"हो."

"मग जाड काच लावा हो," आई बाबांना म्हणाली. "आणि मागून चांगले वीस-पंचवीस खिळे ठोका."

"पहिली ती आलीय," बाबा म्हणाले.

"येईना का! घरात तलाव असणाऱ्याला शिष्यवृत्ती म्हणजे माशाला छत्री. गरज कुणाला आहे?"

"शर्यत पोहण्याची होती. गरजेची नव्हती."

"गरजेची असती तर हिने विश्वविक्रम केला असता," आई म्हणाली. तोवर पोळी काळी झाली होती. ती बाबांच्या ताटात पडली.

मी आईच्याच बाजूची होते. श्रीमंतांना शिष्यवृत्ती नको असा एक अर्ज कॉलेजात फिरला होता, त्यावर मी सही केली होती, आणि गर्दीचा फायदा घेऊन दुसऱ्यांदाही केली होती.

शुक्रवारी दुकानात पाव सेकंद आली. तिचेही केस ओले होते. तलाव घरचा असो की दारचा, औषधाचा वास सारखाच येतो.

"काका, बाबांनी एक चेक दिलाय. तो मला परत हवाय."

"त्यांनाच सांग ना, बाळा."

"सांगितलं. म्हणाले, तुझी तिन्ही वर्षांची फी भरून झालीय, तुला पैसे कशाला?" तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, मग परत बाबांकडे. "मला सरावाच्या शिबिराला जायचंय. ते म्हणतात, पोहणं पुरे झालं, आता शोरूममध्ये बस. आमच्या घरात प्रत्येक गोष्टीवर आमच्या कंपनीचं नाव आहे. तलावाच्या तळालासुद्धा. सारखं ते वाचावं लागू नये म्हणून मी पाठीवर पोहायला लागले."

मला हे अजिबात ऐकायचं नव्हतं. कारण मीही खाली बघायला लागू नये म्हणूनच पाठीवर पोहायला लागले होते. सार्वजनिक तलावाच्या तळाशी काय काय असतं ते एकदा बघितलं की माणूस आकाशाकडे वळतो.

बाबांनी हातातली करवत खाली ठेवली. "हे बघ, एक गोष्ट तुला माहीत असायला हवी. तीन महिन्यांत तू हा बँकेत टाकला नाहीस, तर पैसे हिला मिळतील. ही माझी मुलगी."

मी टेबलाखालून बाबांना लाथ मारली. ती स्टुलाला लागली.

"माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणून तर घाई." मग सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "पुढच्या वर्षी हरव मला आणि घे."

याच्यावर सणसणीत उत्तर मला सुचलं, पण ते मंगळवारी.

बाबांनी खणातून चेक काढला आणि माझ्या हातात दिला. "जा, समोरून रंगीत झेरॉक्स काढून आण."

"मी?"

"मग कोण? माझे हात डिंकाचे आहेत."

दुकानापासून झेरॉक्सवाल्यापर्यंत एक्केचाळीस पावलं आहेत. मध्ये एक उघडं गटार आहे. वारा होता. एवढं सगळं एकाच दिवशी जमून येत नाही. मी गटारापाशी थांबले. चेकचं टोक फडफडत होतं. वाऱ्याने पूर्ण सहकार्याची तयारी दाखवली होती. फक्त अंगठा उचलायचा होता.

मागे वळून पाहिलं. पाव सेकंद दारात येऊन उभी असेल असं वाटलं होतं. ती नव्हती. बाबा पट्टीचा कोपरा कापत होते. माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. याचा मला भयंकर राग आला. माणसावर इतका विश्वास टाकणं म्हणजे त्याचा छळच.

"किती काढू?" झेरॉक्सवाल्याने विचारलं.

"एक," मी म्हणाले. "आणि नीट काढ. रंग जायला नको."

चेक घेऊन पाव सेकंद गेली. आभार वगैरे मानले नाहीत, म्हणून ती मला थोडी बरी वाटली. बाबांनी झेरॉक्स माउंटवर बसवली, काच पुसली, मागून पुठ्ठा ठोकला. मग फ्रेम पालथी केली आणि कानामागची पेन्सिल काढली. आत जे असेल ते मागे लिहायचं, ही त्यांची पहिल्यापासूनची पद्धत. मूतखड्याच्या मागेही तारखेसकट 'मूतखडा' असं लिहिलं होतं. आता त्यांनी लिहिलं : 'आत झेरॉक्स. मूळ प्रत जिची तिच्याकडे.'

"बाबा, टाइल्सवाले वाचतील ना!"

"वाचू देत. म्हणून तर लिहितो." त्यांनी पेन्सिल परत कानामागे ठेवली. "पण तीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने फ्रेम उलटी करून बघितलेली नाही."

सोमवारी टाइल्सवाल्यांनी फ्रेम हातभर लांब धरून डोळे बारीक केले. "बघा! झेरॉक्सला ही चमक आली असती का?"

"फ्रेम मागूनही बघून घ्या, साहेब," बाबा म्हणाले.

"मागे काय बघायचं?" टाइल्सवाले म्हणाले आणि फ्रेम काखेत मारून गेले.

आई चार दिवस बाबांशी बोलली नाही. पाचव्या दिवशी तिने चिठ्ठी लिहून मीठ संपल्याचं कळवलं. बाबा आता सुट्टीच्या दिवशीही दुकान उघडतात. मी दुपारी सार्वजनिक तलावावर लहान मुलांना शिकवते. फी हप्त्यांनी भरायची परवानगी मिळालीय. पहिला हप्ता गेला. दुसऱ्याचं बघू. पहाटे साडेपाचला मी पाण्यात असते, आणि तरंगत्या काकांना वळसा घालण्यात जाणारा वेळ घड्याळात धरत नाही.

परवा दुकान झाडताना माळ्यावर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी सापडलं. सोडलं, तर सोनेरी पट्टीची फ्रेम. त्याच मापाची. काच बसवलेली. आत काही नाही.

"उरलेल्या पट्टीत बसली," बाबा करवतीवरून नजर न काढता म्हणाले. "वाया कशाला घालवायची?"

"यात पुढच्या वर्षीचा माझा चेक नाही हं लावायचा. तो मी बँकेत टाकणार."

मी फ्रेम उलटी केली. मागे पेन्सिलने आधीच लिहून ठेवलं होतं : 'आत झेरॉक्स.' खाली तारखेसाठी जागा सोडलेली होती.