चिंचेखालच्या चांदण्या

ही गोष्ट २०२२ सालची. श्रावण संपत आला होता आणि माझ्या मुलाने, वरदने, नगरच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती. दीड वर्षापूर्वी मोडलेल्या माझ्या हातासाठी नाही, डोक्यासाठी.

त्याला कारण नृसिंहदादा, माझा थोरला भाऊ. तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलेला. यजमान गेल्यापासून, म्हणजे चाळीस वर्षं, मी देवळालीला माहेरच्याच घरात राहते. लहानपणी इथे परसातल्या चिंचेखाली मातीतून चांदण्या उगवत, वर थेंब पडला की धूर सोडत, असं मी सांगे. दादा वरदला म्हणाला, मी कधी पाहिलं नाही, प्रेमलाच्या आठवणींची हल्ली सरमिसळ होते. मग वरदने ठरवलं, डॉक्टर तसं म्हणाले तर आईला एकटं ठेवायचं नाही.

आदल्या दिवशी दादा मला न्यायला आला. परसात हात धुताना खाली बघून म्हणाला, "चिंचेखाली कांदे लावलेस की काय गं?"

कांदे नव्हते, मातीतून वर आलेले कांद्यासारखे गड्डे होते. पलीकडेच एकाची साल सात पाकळ्यांत फाटून मागे वळली होती, मधे कागदासारखा गोळा. मी तांब्यातला थेंब बोटाने वर सोडला. गोळ्याच्या टोकातून तपकिरी धूर उडाला.

दादाने चष्मा पुसला. मग स्वतः थेंब सोडला, पुन्हा सोडला, आणि ऐंशीच्या वयात मातीतच बसला. हे भूछत्र, म्हणाला, आणि धूर म्हणजे त्याचे बीजाणू. चित्र पाहिलं होतं, झाडाखाली कधी वाकलो नाही.

मग इतकी वर्षं का आलं नाही, मी विचारलं. काडीने त्याने कुजका पाला उचलला. पानं पांढऱ्या धाग्यांनी एकमेकांना चिकटली होती.

"हे पाचोळ्यावर जगतं. इथे खराटा कोण मारायचं?"

मीच. रोज झाडून पाला जाळायची. आई चिंचेपर्यंत झाडतच नसे, बायका तिला आळशी म्हणत. मला कुणी तसं म्हणू नये म्हणून मी झाडत राहिले, आणि चांदण्या गेल्या म्हणून हळहळतही राहिले. हात मोडल्यावर खराटा सुटला.

दादाने तिथूनच वरदला फोन लावला. "वेळ रद्द कर. तिला आठवतंय ते खरं आहे. मी पाहिलं नाही, म्हणून नव्हतंच म्हणालो."

दादा पुढच्या थंडीत गेला. वरद महिन्यातून एकदा येतो, जुन्या गोष्टी आपणहून विचारतो. मी इथेच आहे. हात बरा झालाय, पण चिंचेखाली झाडत नाही. शेजारची रतनबाई मला आळशी म्हणते.