हौशीरामांनी न जोडलेली तार

"अवं, पुन्ना किडं पडलं की पडद्यावर!" चुलीपुढून चिमाबाई म्हणाल्या.

हौशीरामांनी मान वर केली नाही. तळेगावच्या त्या ओटीवर, दुरुस्तीला आलेल्या रेडिओंच्या गर्दीत, लेकाचा कॉम्प्युटर उघडा पडला होता. बजरंगनं गेल्या वर्षी, अठ्ठ्याहत्तर साली, अमेरिकेहून आणलेला. बजरंगचे जुने प्रोग्रॅम दुसऱ्याच जातीच्या, जुन्या चिपसाठी लिहिलेले. कॉम्प्युटरातल्या या नव्या चिपला त्यांची भाषा कळेना. म्हणून दोन्ही चिपा एकाच पेटीत, एकाच मेमरीवर नांदवायचं काम बापावर सोपवून तो बडोद्याला नोकरीवर गेला होता. रेल्वेच्या सिग्नल खात्यात तीस वर्षं तारा जोडलेल्या हौशीरामांना तो पांडुरंगाचा प्रसादच वाटला.

मागोमाग बजरंगचं पत्र आलं: घर बंद करा आणि दोघं कायमचे इकडे या.

"जायाचं न्हवं?" हौशीरामांनी विचारलं होतं खरं, पण विचारता विचारताच माळ्यावरची ट्रंक खाली ओढली होती. "बडोद्याला एकादशीचं कीर्तन असतंय का हो?" एवढं चिमाबाई बोलल्या, ते ट्रंकेच्या खडखडाटात विरलं. 'आम्ही येतो' असं उत्तर लिहून लिफाफा कोनाड्यात ठेवलेला होता. कॉम्प्युटर चालू झाला की टाकायचा. तेव्हापासून चिमाबाई कामापुरतंच बोलत.

"एकेकटी लावली तर दोघीबी गुणाच्या हैत," हौशीराम पुटपुटले. "एकत्र घातल्या की नुसता गलका."

"मग कुनी कवा बोलायचं, ते ठरवतं कोन?"

"त्याचीच तार ओढलीया. नवी जुनीला इचारती, मी बोलू का? आन् बोलाय लागती."

चिमाबाईंचा भाकरी थापणारा हात थांबला. "ती व्हय म्हनायच्या आदीच?"

हौशीरामांनी ती तार बोटानं चाचपली.

"तुमी कीर्तनात टाळ घेऊन हुबं ऱ्हाता. बुवा बोलत असताना चाल धरता का? ते थांबल्यावरच धरता न्हवं? न्हाईतर आमा बायकांस्नी कसं कळंल, बुवा काय सांगत्यात ते!"

हौशीरामांनी तारांच्या जोडणीच्या नकाशाचा कागद ओढला. पुढच्या स्टेशनाचा होकार आल्याशिवाय गाडी सुटू नये, हेच तर त्यांनी तीस वर्षं सांभाळलं होतं. आणि इथं, विचारण्याची तार जोडली होती, होकाराची जोडलीच नव्हती. जुनीनं हातातलं काम ठेवायचं, वाट मोकळी करायची, 'घे' म्हणायचं. मगच नवीनं उचलायचं.

त्यांनी सोल्डरिंगची काडी तापवली. एक इवलीशी तार बसवली. बटण दाबलं.

जुन्या चिपनं फुल्याफुल्यांचं तुळशीवृंदावन काढलं. थांबली. घटकाभर पडद्यावर काहीच हललं नाही. मग नवीनं त्याखाली इंग्रजीत बजरंगचं नाव उमटवलं.

"माउली!" चिमाबाईंनी पिठाचे हात जोडले. मग पदर सावरून म्हणाल्या, "झालं म्हना की. टाका आता पत्र."

हौशीराम उठले, कोनाड्यातला लिफाफा घेतला आणि परातीशेजारी, चिमाबाईंच्या हाताशी ठेवला. समोर मांडी घालून बसले.

"चिमे, बडोद्याला जायाचं का?"

चिमाबाई दारातून दिसणाऱ्या विठोबाच्या कळसाकडे बघू लागल्या. रुळांवरून एक मालगाडी गेली, तिचा शेवटचा डबाही गेला. तव्यावरची भाकरी करपायला लागली. हौशीरामांना वास आला होता. पण ते हात मांडीवर ठेवून तसेच बसून राहिले.