मोडलेल्या पैशाचा जीव

मी एक जुना पैसा आहे, पण मला खिशात शोधू नका. हातभर लांबीची पिळलेली लोखंडी सळई म्हणजे मी. एका टोकाला कान, दुसऱ्या टोकाला चपटा पाय. गिनी देशाच्या सीमेलगत, किसी नावाच्या जमातीच्या एका गावात लोहाराने मला ठोकून घडवले आणि घडवतानाच माझ्यात जीव घातला, असे सारा गाव मानत असे. म्हणून आमच्यातला एखादा मोडला की तो मेला. लोहाराने विधी करून जोडेपर्यंत त्याला बाजारात कुणी हात लावत नसे. मित्रांनो, तुमची फाटकी नोट दुकानदार परत करतो, तसेच हे. फक्त आमच्या मरणाची लोकांना थोडी हळहळ वाटे.

वीस जणांची आमची जुडी असे. दोघांत केळ्यांचा घड येई, शंभर जुड्यांत गाय. देताना माणूस गंजका पैसा पुढे करतो आणि घेताना चकचकीत शोधतो. मी इतक्या हातांतून फिरलो, यात फरक पडलेला पाहिला नाही. पुढे कागदी पैसा आला. मग गावातल्या फिंदा नावाच्या मुलीच्या आईने मला झोपडीच्या गवती छपरात खोचून ठेवले आणि विसरून गेली.

युद्ध पेटले तेव्हा फिंदाने मला ओढून काढले आणि नदी ओलांडून गिनीत पळाली. वाटेत ती पडली, मी तिच्याखाली सापडलो आणि माझा पाय तुटला. तिने दोन्ही तुकडे कमरेच्या कापडात बांधले. कितीतरी वर्षे परमुलखात राहून ती तेच गाठोडे घेऊन परतली. आता तिचा नवरा नाही, गुडघे दुखतात आणि छप्पर कुजले आहे. पावसाळा महिन्यावर आलेला.

अशा वेळी राजधानी मन्रोव्हियाहून वार्नी नावाचे गृहस्थ मोटारसायकलवरून आले. जुने पैसे जमवण्याचा त्यांना नाद.

माझे तुकडे पाहून त्यांचे डोळे चमकले. "आजी, याचे छपराच्या बारा पत्र्यांइतके पैसे देईन. शुक्रवारी येतो."

फिंदाने विचारले, "तुमच्याकडे असे किती आहेत?"

"अठ्ठावीस."

"अठ्ठावीस असून झोप लागत नाही?"

"जमवणाऱ्याला नेहमी एक कमीच असतो, आजी."

"म्हणजे माझ्या सुनेसारखे. तिलाही भांडी पुरत नाहीत."

ते गेल्यावर फिंदा माझ्याकडे बघत बसली. बारा पत्रे म्हणजे सारे छप्पर. एवढा पैसा देणाऱ्या माणसाच्या हाती मेलेला पैसा कसा द्यायचा? ती मला घेऊन तेंगबे लोहाराकडे गेली.

"म्हातारे, हे आता कोण करून घेतं?" तो म्हणाला.

"मी घेते. भाता चालव, गप्पा नंतर मार."

त्याने विधीसाठी लागणारी कडू कोला फळे घेतली, भट्टीपाशी काही पुटपुटला आणि मला तापवून माझा पाय जोडला. खरे सांगतो, मला बरे वाटले. दमलेल्याला उभे राहायला पाय लागतोच.

शुक्रवारी वार्नी आले. मला हातात घेतले आणि जोडावरून बोट फिरवले. "आजी, हे काय केलंत? अठ्ठावीस अख्खेच आहेत माझ्याकडे! मला मोडलेलाच हवा होता."

"मेलेला?"

"युद्धात मोडलेला. तीच तर त्याची किंमत! हा जोड काढून द्या, ठरलेले पैसे आत्ता देतो. नाहीतर सहा पत्र्यांचेच."

तेंगबे दारातच होता. "एका घावाचं काम आहे, म्हातारे. बारा पत्रे."

फिंदाने वर छपराकडे पाहिले. तिथून आभाळ दिसत होते.

"मेल्याला बारा आणि जित्याला सहा?" ती म्हणाली. "शहरात तुमचा हिशोबच उलटा. सहा द्या. पण घाव घालायचा नाही, तुम्हीही नाही. शपथ घ्या."

वार्नींनी शपथ घेतली आणि पाळलीही. यंदाच्या पावसात फिंदाचे अर्धे घर कोरडे आहे. खाट त्या अर्ध्यात आहे.

मी मन्रोव्हियात काचेच्या पेटीत एकोणतिसावा आहे. पाहुणे येतात, वाकून पाहतात. कुणाला हरवलेले दिवस हवे असतात, कुणाला शेजाऱ्याकडे नसलेली वस्तू. पण दोघेही भाव विचारतात. मी थकलो आहे, मित्रांनो. माझ्याखालच्या चिठ्ठीवर माझी लांबी आहे, वजन आहे, आणि 'दुरुस्त केलेला, म्हणून कमी मोलाचा' असेही आहे.

तुम्ही जुने पैसे जरूर जमवा. फक्त ज्याच्या हातून घ्याल, त्याचे नाव चिठ्ठीवर लिहा. फिंदा समोरच बसली होती. वार्नींनी तिचे नाव विचारलेच नाही.