बाहेरचा आवाज

ओठांत चार खिळे धरून तो अडगळीच्या खोलीच्या दाराला जुन्या गादीचा तुकडा ठोकत होता. भिंतींवर रजया लावून झाल्या होत्या. छतालाही त्याने घोंगडी ताणून बसवली होती, आणि तिच्या चारही कडा पट्टी लावून मोजल्यासारख्या सरळ होत्या. आयुष्यभर ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी केलेल्या माणसाकडून याहून वेगळे काही होणे शक्य नव्हते.

"मी आत गुदमरले, तर कासविणीचा आवाज कोण काढणार?" बायकोने विचारले.

त्याने खिळे हातात घेतले.

"मी काढीन. कासवं बोलतात कुठे? ते काम मला जमेल."

ती हसली. नातवासाठी फोनवर गोष्टी वाचून पाठवायची तिला सवय होती. त्यातली एक मुलीने परस्पर कार्टून करणाऱ्या मंडळींना ऐकवली. एका म्हाताऱ्या कासविणीसाठी त्यांना असाच आवाज हवा होता. आज पाचपर्यंत नमुना पाठवा, मात्र बाहेरचा आवाज अजिबात यायला नको, असे त्यांनी कळवले होते.

आठ दिवस ती नाहीच म्हणत होती. सव्वीस वर्षांपूर्वी ती एका स्टुडिओत अशीच चाचणी देऊन आली होती. निवड झाली तर गुरुवारपर्यंत फोन येईल, असे तिथल्या बाईंनी सांगितले होते. फोन आला नाही. तेव्हापासून "माझा आवाज पोरांना हाका मारण्यापुरता" असे ती हसत सांगे, आणि चारचौघांत कोणी वाचायला पुस्तक पुढे केले की ते शेजारी बसलेल्याकडे सरकवी. या वेळी नवऱ्यानेच हट्ट धरला. खोली रिकामी केली, गाद्या उसवल्या, गुडघे दुखत असताना शिडीवर चढला.

"आता बस आत," तो म्हणाला. "मी बाहेरून बोलतो. बघ, काही येतंय का."

"काय बोलणार?"

"बोलेन काहीतरी."

"तुम्ही? दोन मिनिटं सलग?"

"अगं, दार बंद असलं की जमतं मला."

तिने माइकपुढच्या स्टुलावर बसून हेडफोन चढवले. मुलीने बजावल्याप्रमाणे माइकचे बटण शेवटपर्यंत फिरवले, म्हणजे मुंगी चालली तरी ऐकू येईल. दार लागले. समोरच्या लॅपटॉपच्या पडद्यावर एक हिरवी पट्टी होती. आवाज आला की ती उंच व्हायची, थांबला की खाली बसायची.

पट्टी हलली. दुरून, पण ओळखू येईल असा, नवऱ्याचा आवाज आला.

"डबा उघडण्यापूर्वी चांगला हलवावा. पृष्ठभाग कोरडा असावा. दोन थर द्यावेत."

तो रंगाच्या डब्यावरच्या सूचना वाचत होता. तिला हसू आले. येतंय हो, असे ओरडून सांगायला तिने तोंड उघडले, तेवढ्यात पट्टी खाली बसली आणि बराच वेळ तशीच राहिली. तो गेला असावा म्हणून ती हेडफोन काढणार होती.

"तुला तो फोन आला होता."

तिचा हात कानाशीच थांबला.

"गुरुवारीच. तू धाकटीला आणायला शाळेत गेली होतीस. त्या बाई म्हणाल्या, तुमच्या मिसेसचा आवाज आम्हाला..." मधला शब्द त्याने गिळला, "...आवडला, सोमवारपासून येऊ दे त्यांना. मी म्हटलं, तिचा विचार बदललाय. आई अंथरुणावर, दोन पोरी, कसं होणार, असं काहीतरी डोक्यात होतं. तेही खरं की नाही, कोण जाणे. तू तिकडचीच होशील, असं वाटलं असेल. रात्री सांगणार होतो. तर तू फोनजवळ खुर्ची घेऊन बसलेली. मग राहिलंच."

प्रत्येक शब्दाबरोबर पट्टी वर जात होती, खाली येत होती. ती त्या पट्टीकडेच बघत राहिली.  स्वतःचा श्वास कानांत मोठा मोठा ऐकू येऊ लागला, म्हणून तिने तो धरून ठेवला.

"पहिला थर वाळायला चार तास द्यावेत," तो पुन्हा वाचू लागला. "लहान मुलांपासून दूर ठेवावे."

मग दार उघडले. त्याच्या मिशांवर कापूस चिकटला होता. चेहरा मोकळा, जवळजवळ आनंदी दिसत होता.

"काही आलं ऐकू?"

ती उठली. भिंतीला हात लावून बाहेर आली.

"काय वाचत होतात?"

"हा डबा."

"बरं." तिने हेडफोन त्याच्यापुढे धरले. "आता तुम्ही बसा."

"मी कशाला? पाच वाजतील अशाने."

"बसा तर."

तो बसला. तिने स्वतःच त्याच्या डोक्यावर हेडफोन नीट बसवले आणि दार लावून घेतले. तो उभा होता तिथे, रंगाच्या डब्याशेजारी, ती उभी राहिली.  मग नेहमीच्याच आवाजात म्हणाली,

"'आवडला'च्या आधी काय म्हणाल्या होत्या त्या? तेवढा एक शब्द नीट ऐकू आला नाही."

ती थांबली. मग दाराला कान लावला, दुसरा कान बोटाने बंद केला. दार त्याने फार चांगले केले होते. आतले काहीच बाहेर येत नव्हते.